ज्या घरानं मूरवेद्र लावला

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. मोंपेलिएला द्राक्षशेती आणि वाइन बनवणं शिकले आणि नंतर कामासाठी बांदोलला आले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेय आणि तुलों या दोन बंदरांच्या दरम्यान हे गाव आहे. मागं टेकड्यांचा अर्धगोल, पुढं भूमध्य समुद्र आणि वर्षाकाठी सुमारे तीन हजार तास ऊन. मी काम करते ती वायनरी छोटी आणि घरगुती आहे. पण इथल्या कुठल्याही तळघरात उभं राहून बोलायला लागलं, की थोड्या वेळात दोमेन ताँपिएचं नाव निघतंच. १८३४ पासून एकाच कुटुंबाकडं असलेली ही बाग. तिच्या इतिहासातून आणि तिच्या लाल वाइनमधून मी जे शिकले, ते इथं मांडते आहे. त्यातलं बरंचसं मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

१. वाण निवडताना आधी जमिनीला विचारायचं आणि मग बाजाराला.

१९३६ साली मार्सेयच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं, ल्युसी ताँपिएचं, ल्युसियाँ पेरो या तरुणाशी लग्न झालं. तिला सगळे लुलू म्हणत. ल्युसियाँनं शेतीचं शिक्षण घेतलं होतं. ताँपिए घराण्याची बाग ल कास्तले गावाखालच्या सपाटीवर होती. सासऱ्यांनी जावयाला घरची एक फार जुनी लाल बांदोल चाखायला दिली, अशी गोष्ट इथं सगळे सांगतात. ती फायलोक्सेराच्या आधीच्या काळातली होती, आणि इतक्या वर्षांनंतरही जिवंत होती. ती इतकी कशी टिकली याचा शोध घेताना ल्युसियाँला जे उत्तर मिळालं ते एका वाणाचं नाव होतं: मूरवेद्र.

फायलोक्सेरा हा अमेरिकेतून आलेला मुळं खाणारा बारीक कीटक. १८६०च्या दशकात तो ऱ्होन नदीच्या खोऱ्यात दिसला आणि पुढच्या काही दशकांत त्यानं जवळजवळ सगळ्या फ्रान्सच्या बागा बसवल्या. उपाय एकच निघाला: अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचं कलम भरायचं. नाशिककडं आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो ते पाण्याची ओढ आणि जमिनीतले क्षार सोसावेत म्हणून. इथं वेल मुळात जगावी म्हणून ते करावं लागलं. मूरवेद्रची अडचण अशी, की तो या नव्या खुंटांवर सहज बसेना. त्यातून तो उशिरा पिकणारा आणि माल कमी देणारा. शेतकऱ्यांनी भरघोस येणारे वाण लावले, माल सहकारी वायनरीला घातला आणि पोट भरलं. मी त्यांना दोष देणार नाही. पोट भरणं हीच त्या वेळची पहिली गरज होती.

ल्युसियाँ आणि लुलूनं उलट दिशा धरली. युद्ध सुरू होतं, पदरात लहान मुलं होती, आणि हे दोघं १९४० मध्ये बागेवर राहायला आले. जुन्या वेली काढून हळूहळू मूरवेद्र लावत गेले. १९४३ साली त्यांनी स्वतःच्या नावानं पहिल्या बाटल्या भरल्या त्या रोझेच्या, म्हणजे गुलाबी वाइनच्या. रोझे काही महिन्यांत विकता येते, लाल बांदोलला वर्षं लागतात. आजच्या खर्चाची सोय करून उद्याचं झाड लावायचं, हा हिशेब कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल.

मूरवेद्रला तोंड उन्हात आणि पाय पाण्यात लागतात, असं इथले लोक म्हणतात. म्हणजे वर कडक ऊन हवं आणि खाली मुळांना ओल. समुद्राकडून येणारी दमट हवा, दुसऱ्या बाजूनं मिस्त्राल वाऱ्यानं पानं कोरडी ठेवणं, आणि चुनखडीच्या मातीनं धरून ठेवलेला ओलावा. या टेकड्यांवर त्याला हे सगळं मिळतं. उत्तरेकडं वर सरकलं तर हा वाण पुरता पिकणं अवघड होत जातं.

२. शेजाऱ्याची वाइन सुधारल्याशिवाय आपली वाइन मोठी होत नाही.

माझ्या मते ताँपिएच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे आणि सगळ्यात कमी सांगितला जातो तोही हाच. ल्युसियाँ पेरो फक्त आपल्या बागेपुरता मूरवेद्र लावून थांबला असता, तर त्याला चांगला बागायतदार म्हटलं गेलं असतं. त्यानं शेजाऱ्यांना गोळा केलं. बांदोलला पूर्वी नाव होतं. इथल्या बंदरातून वाइनची पिंपं जहाजांवर चढत आणि त्यांवर ‘ब’ हे अक्षर तापवलेल्या लोखंडानं डागलेलं असे. ते नाव परत मिळवायचं तर नियम हवे होते. ११ नोव्हेंबर १९४१ रोजी बांदोलला स्वतःचं भौगोलिक मानांकन मिळालं. पुढं कित्येक दशकं ल्युसियाँ इथल्या उत्पादक संघाच्या अध्यक्षपदी राहिला, आणि त्या काळात लाल बांदोलमध्ये मूरवेद्रचं किमान प्रमाण टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं गेलं. आज ते निम्मं आहे. उरलेल्या भागात मुख्यतः ग्रनाश आणि सँसो हे वाण चालतात.

टप्प्याटप्प्यानं, हे महत्त्वाचं. पहिल्याच वर्षी निम्म्या मूरवेद्रची अट घातली असती, तर शेजारी संघ सोडून गेले असते. प्रत्येकाला जुन्या वेली काढायला, नव्या लावायला, त्या फळावर यायला वेळ मिळाला. आज आठ गावांत मिळून सुमारे दीड हजार हेक्टरवर बांदोलच्या बागा आहेत, आणि लाल वाइनसाठी सगळ्यांना तेच बंधन: द्राक्षं हातानंच तोडायची, कोवळ्या वेलींचा माल लाल वाइनमध्ये घालायचा नाही, आणि बाटलीत भरण्याआधी वाइन लाकडात किमान अठरा महिने ठेवायची. दोन हंगामांचं भांडवल अडकतं. सगळ्यांचंच अडकतं, म्हणून कुणी घाईनं स्वस्त विकून दुसऱ्याचा भाव पाडत नाही.

हे मला इतकं का लागतं, ते सांगते. २००८ नंतर नाशिक भागात वाइनच्या द्राक्षांचं गणित कोसळलं. माल जास्त झाला आणि गिऱ्हाईक आटलं. माझ्या वडिलांचा करार ज्या वायनरीशी होता, तिनं माल उचलला नाही. वडिलांनी शिराजचा प्लॉट मुळासकट काढला आणि खायच्या द्राक्षांचं थॉम्सन लावलं. आमच्या शिवारात असं करणारे ते एकटे नव्हते, पण प्रत्येक जण एकेकटा होता. भाव, प्रत आणि थांबण्याची ताकद एकत्र बांधणारं काही आमच्याजवळ नव्हतं. बांदोलला आल्यावर मी संघाचे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा वडिलांच्या त्या प्लॉटचा विचार करत होते. घराणं स्वतःच्या जोरावर उभं राहतं हे अर्धंच खरं आहे. पेरो कुटुंबानं स्वतःवर आणि शेजाऱ्यांवर एकच नियम लादून घेतला, आणि त्या नियमानं त्यांना सावरलं.

३. एकरी टनाची भाषा काही काळ विसरावी लागते.

लाल बांदोलला हेक्टरी चाळीस हेक्टोलिटरची मर्यादा आहे. आपल्या हिशेबानं एकरी साधारण सव्वादोन टन. थॉम्सनच्या एकरी दहा टनांची सवय असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून वाटतं, बाग रोगट असणार. इथं उन्हाळ्यात हिरवे घड काढून जमिनीवर टाकतात. वडिलांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

४. मूरवेद्रला हवा लागते, आणि ती कधी द्यायची हे नाक सांगतं.

वाइनच्या धंद्यात बहुतेक वेळ हवेला दूर ठेवण्यात जातो. हवा लागली की वाइन तपकिरी पडते, चव मरते. ग्रनाश यात फार नाजूक. मूरवेद्र मात्र हवेशी झुंजतो. त्याच्या जाड सालीत रंग आणि तुरटपणा भरपूर असतो, आणि त्याच्यासोबत मिसळलेला ग्रनाशही अधिक टिकतो. ल्युसियाँनं मूरवेद्रचा इतका आग्रह धरला त्यामागं हे कारण होतं. जुन्या बाटलीनं जे दाखवलं होतं त्याचा खुलासा यात आहे.

पण याच गुणाची दुसरी बाजू तळघरात रोज समोर येते. बंद टाकीत मूरवेद्र कोंदतो. झाकण उघडलं की ओल्या चामड्याचा, कधी गंधकाचा, कधी जनावरांच्या गोठ्याचा वास येतो. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं टाकी नासली. खरं तर वाइन गाळावरून काढून दुसऱ्या पिंपात घेतली, वाटेत तिला थोडी हवा लागू दिली, की काही तासांत खाली दडलेलं काळं फळ, रानातली रोझमेरी, मिरी वर येतात. हे कधी करायचं त्याचं वेळापत्रक नसतं. दर आठवड्याला वास घ्यायचा आणि ठरवायचं.

म्हणूनच ताँपिएमध्ये आणि इथल्या जुन्या वळणाच्या घरांत लाल वाइन ‘फूद्र’ नावाच्या हजारो लिटरच्या जुन्या लाकडी पिंपांत ठेवतात. बोर्दोसारखी छोटी, नवी ओक पिंपं वापरत नाहीत. मोठ्या पिंपाच्या लाकडातून हवा अगदी संथ आत येते, आणि लाकूड जुनं असल्यानं व्हॅनिलाचा किंवा भाजल्याचा वास वाइनला चिकटत नाही. गेल्या काही दशकांत जगभर नव्या ओकचा सुकाळ झाला. गडद, गोडसर, लाकडाच्या वासाच्या लाल वाइनला गुण मिळत, भाव मिळे. त्या काळातही या घरानं जुनी फूद्र सोडली नाहीत. मला याचा मनापासून आदर वाटतो. मी नोकरीला लागले तेव्हा नव्या पिंपांची मोहिनी माझ्या शिक्षणातून आलेली होती. ती उतरवायला ताँपिएच्या ला तुर्तीन या लाल वाइनचा एक पेला पुरला.

५. एकाच बागेतून एकच वाइन निघाली पाहिजे असं नाही.

ताँपिएची नेहमीची लाल वाइन वेगवेगळ्या तुकड्यांच्या मिश्रणातून होते. त्याखेरीज तीन उतारांच्या वाइन वेगळ्या बाटलीत भरतात. ला तुर्तीन हा ल कास्तलेजवळचा दक्षिणाभिमुख उतार, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचा केलेला. त्याच्या खालच्या, वाऱ्यापासून आडोशाच्या भागात काबासाउ. तिथं मूरवेद्र जवळजवळ एकटाच असतो आणि वेली जुन्या. तिसरा उतार ला मिगुआ, बोसे गावाकडच्या उंचावर. तिथं मूरवेद्रचं प्रमाण कमी, सँसो आणि ग्रनाश जास्त.

ला मिगुआजवळच्या टेकडीत खडकांचे थर उलटे आहेत, जुना थर वर आणि नवा खाली. १८८७ मध्ये मार्सेल बेर्त्राँ या भूशास्त्रज्ञानं इथंच दाखवून दिलं, की जमिनीचा प्रचंड तुकडा सरकून दुसऱ्यावर चढला आहे. भूशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे ठिकाण आजही येतं. वेलीला त्याचं काही पडलेलं नसतं, पण तिच्या मुळाखाली किती तऱ्हेची माती येते ते त्यातून समजतं. तुर्तीन ताठ, मिगुआ रानटी आणि सुगंधी, काबासाउ खोल आणि हळू उघडणारी. पहिल्यांदा चाखताना हे फरक मला कळलेच असं नाही. तिन्ही एका रांगेत, एकाच वर्षाच्या, जेवणासोबत घेतल्या तेव्हा कळले.

६. वाइन विकायची असेल तर आधी जेवायला बोलवावं.

याचं श्रेय पूर्णपणे लुलूचं. सात मुलांचं घर, बागेतले मजूर, येणारे-जाणारे व्यापारी, सगळ्यांना ती एकाच टेबलाशी बसवत असे. मोठ्या हंड्यात चुलीवर शिजवलेला बुइयाबेस, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या अनेक माशांचं केशर घातलेलं कालवण. लसूण कुटून केलेली आयोली. कोकराची तंगडी. आणि माशाबरोबरसुद्धा लाल बांदोल, जरा गार करून. हे वाचून नियमांना धरून चालणारे लोक कपाळाला हात लावतील. पण लसूण, केशर आणि बडीशेपेच्या त्या कालवणापुढं हलकी पांढरी वाइन दबून जाते, तरुण बांदोल उभी राहते. मी खाऊन पाहिलं आहे.

प्रोव्हाँसमध्ये राहणारा अमेरिकन लेखक रिचर्ड ओल्नी या टेबलाशी वारंवार येई. १९९४ मध्ये त्यानं लुलूच्या स्वयंपाकावर अख्खं पुस्तक लिहिलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा वाइन आयातदार कर्मिट लिंच ओल्नीमुळं ताँपिएपर्यंत पोचला आणि १९७०च्या दशकात ही वाइन अमेरिकेत नेऊ लागला. तिथल्याच ‘शे पनीस’ या रेस्टॉरंटच्या अ‍ॅलिस वॉटर्स आपल्यावरचा लुलूचा प्रभाव स्वतः सांगत आली आहे. अमेरिकेत बांदोल म्हटलं की ताँपिए आठवते, ती या जेवणांमुळं. जाहिरातीचा विभाग या घरात नव्हता, स्वयंपाकघर होतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. या विषयावरच्या लेखनात लुलूला प्रेमळ यजमानीण करून ठेवतात आणि वाइन नवऱ्याची व मुलांची म्हणतात. बाग तिच्या माहेरची. फायलोक्सेरानंतर त्या घरची बाग पुन्हा उभी करणारीही एक बाईच होती, लेओनी ताँपिए. आमच्या निफाडमध्ये फळछाटणीपासून मणी विरळणीपर्यंत निम्म्याहून जास्त काम बाया करतात आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव शोधावं लागतं. म्हणून मी ताँपिएबद्दल बोलताना लुलूचं नाव पहिलं घेते.

७. घरातली वाइन घरातल्याच माणसानं करावी, हा हट्ट सोडता यायला हवा.

१९७०च्या दशकात ल्युसियाँनं कारभार मुलांच्या हाती दिला. जाँ-मारी तळघर बघू लागला आणि फ्राँस्वा बाग. दोघा भावांमधली ही वाटणी पंचवीसेक वर्षं चालली. त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा कुटुंबानं २००० सालच्या सुमारास दानिएल राव्हिए या बाहेरच्या माणसाकडं बाग आणि तळघर दोन्ही सोपवलं. मालकी पेरोंचीच राहिली.

आपल्याकडं बागा मोडतात त्या बऱ्याचदा याच टप्प्यावर. भावाभावांत बांध पडतात, पाच एकरांचे सव्वा-सव्वा एकर होतात, किंवा शहरात गेलेल्या मुलाला ‘तूच बघ’ म्हणून परत ओढलं जातं. पेरोंनी बाग तोडली नाही आणि कुणाला ओढूनही आणलं नाही. ल्युसियाँ १९९६ मध्ये गेला. लुलू २०२० पर्यंत होती, १०२ वर्षांची होऊन गेली. बाहेरच्या माणसानं केलेली वाइन ती वीस वर्षं आपल्या टेबलावर ओतत राहिली. मी आणि माझा भाऊ आमच्या बागेबद्दल बोलतो तेव्हा हे उदाहरण काढतो. आमचं अजून ठरलेलं नाही.

८. आता बाटलीबद्दल, कारण मराठी मित्रमंडळी हेच सगळ्यात जास्त विचारतात.

लाल बांदोल विकत घेतल्याबरोबर उघडली तर निराशा होण्याची शक्यता मोठी. नव्या बाटलीला तुरटपणा फार असतो. साताठ वर्षं तरी थांबावं, चांगल्या सालची पंधरा-वीस वर्षं सहज जाते. थांबायला जागा आणि धीर नसेल, तर जेवणाच्या तीन-चार तास आधी उघडून रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी. सुरुवातीला चामड्याचा वास आला तर घाबरू नये, हवा लागली की तो विरतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात ‘लाल वाइन गार करत नाहीत’ हा नियम खुशाल मोडावा. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलेली बाटली खोलीतल्या तापलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी चांगली लागते.

आणि जेवण. तांबड्या रश्श्याबरोबर नको. तिखटानं अल्कोहोलची आग वाढते आणि वाइनचा तुरटपणा कडू लागतो, रश्श्याचं आणि वाइनचं दोघांचंही नुकसान. आमच्याकडच्या काळ्या मसाल्यातलं सुकं मटण, तिखट हात आखडून, खोबरं नीट भाजून, मंद आचेवर तासभर शिजवलेलं, त्याला मूरवेद्र शोभतो. शाकाहारी घरात भरलं वांगं करावं, गूळ अगदी नखभर घालून. शेंगदाण्याचा कूट आणि भाजलेल्या खोबऱ्याचं तेल तुरटपणाला मऊ करतात. गेल्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा आईनं हेच केलं होतं, आणि मी नेलेली ला मिगुआ वडिलांनी भाकरीबरोबर घेतली. पहिला घोट घेऊन त्यांनी विचारलं, या वाणाचं कलम आपल्या खुंटावर बसेल का.